इंजिनाचं रडगाणं आणि पंखाचं गणित

तेजस मार्क-१ए ही विमानं हवाई दलाला ठरल्या वेळी मिळाली नाहीत आणि आपल्याकडे नेहमीचा धुरळा उडाला. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे ९९ इंजिनांची मागणी नोंदवली गेली. त्यातलं पहिलं इंजिन हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. एवढं निमित्त पुरेसं होतं. एका गटानं गोऱ्यांनी आपला गळा आवळल्याची ओरड केली, दुसऱ्यानं आपल्या शास्त्रज्ञांना नाकर्ते ठरवलं. दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले, पण दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी एकच समजूत होती. ती अशी, की विमान म्हणजे इंजिन आणि उरलेला सगळा पत्रा. इंजिन जमलं की विमान जमलंच, आणि इंजिन जमत नाही तोवर बाकीचं सगळं जुळवाजुळव.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यावर उभी असलेली चर्चा आपल्याला भलत्याच दिशेला नेते आहे, असं माझं म्हणणं आहे. हवेतून जाणाऱ्या वस्तूचा आकार ठरवणं, तो मोजून सिद्ध करणं आणि ते मोजमाप पुढच्या माणसाच्या हाती देणं हा विमानविद्येचा गाभा आहे. त्या आकाराचं सगळ्यात नेमकं रूप म्हणजे एअरफॉइल. पंख आडवा कापला तर जो छेद दिसेल तो: पुढून गोलसर, मागे निमुळता, पाठ थोडी फुगलेली. या रेषेत मिलिमीटरांचा फरक पडला तर विमान किती वजन उचलेल, किती सावकाश उतरू शकेल, किती इंधन पिईल आणि कोणत्या वेगाला थरथरू लागेल, हे सगळं बदलतं. गेल्या सव्वाशे वर्षांत विमानांनी ज्या उड्या घेतल्या त्यांतल्या कितीतरी या रेषेमुळे घेतल्या. पण आपल्या चर्चेत ही रेषा कुठेच नसते. तेजस मार्क-२ बद्दलच्या बातम्या बघा. जास्त ताकदीचं एफ-४१४ इंजिन बसणार, हे प्रत्येक बातमीत येतं. मुख्य पंखाच्या पुढे आता छोटे कॅनार्ड पंख आलेत आणि त्यांनी मुख्य पंखावरून जाणारा हवेचा सगळा प्रवाहच बदलणार आहे, यावर किती मिनिटं बोललं जातं?

आता विरुद्ध बाजूचं. तिच्याकडे भक्कम पुरावे आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला पुरावा आपल्याच घरचा. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी हिंदुस्तान एरोनॉटिक्ससाठी एचएफ-२४ मारुत आखलं. ते १७ जून १९६१ रोजी बंगळुरूत उडालं. त्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचा लाकडी ग्लायडर उडवून पंखाची वर्तणूक तपासली होती. आकार देखणा होता, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न होतं. पण त्यासाठी ज्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनाचा विचार झाला होता ते तयारच झालं नाही, आणि मारुतला आयुष्यभर दोन मामुली ऑर्फियस-७०३ वर भागवावं लागलं. १९७१ च्या युद्धात लोंगेवाला भागात त्यानं चांगली कामगिरी केली, तरी ते स्वप्नातलं विमान कधीच झालं नाही. दुसरा पुरावा १९७८ चा. स्वीडनचं व्हिगन हे विमान भारताला विकलं जाऊ नये म्हणून अमेरिकेनं अडवणूक केली, आणि ती करता आली याचं कारण त्याचं इंजिन मुळात अमेरिकी होतं. तिसरा पुरावा मस्टँगचा. दुसऱ्या महायुद्धातलं हे नावाजलेलं अमेरिकी लढाऊ विमान सुरुवातीच्या ॲलिसन इंजिनावर उंचीवर धापा टाकायचं. १९४२ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांनी त्यात रोल्स-रॉइसचं मर्लिन बसवून उडवलं आणि त्याच विमानाचं नशीब पालटलं. पंख तोच, इंजिन वेगळं, फरक जमीन-अस्मानाचा.

हे तिन्ही पुरावे खरे आहेत. मात्र त्यांतून निघतं ते एवढंच, की इंजिन नसेल तर विमान अपुरं राहतं. ‘इंजिन असेल तर विमान होतं’ हे त्यातून निघत नाही. आपल्या चर्चेत मात्र पहिल्या विधानाचे पुरावे देऊन दुसरं विधान खपवलं जातं.

दुसरं विधान खरं असतं तर पहिलं विमान सॅम्युएल लँग्ली यांचं झालं असतं. स्मिथसोनियन संस्थेचे हे प्रमुख. त्यांच्या मागे अमेरिकी युद्धखात्याचा पैसा होता आणि हाताशी चार्ल्स मॅन्ली नावाचा विलक्षण अभियंता होता. मॅन्लीनं ५२ अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. वजनाच्या मानानं त्या काळात जगात त्याला तोड नव्हती. ८ डिसेंबर १९०३ रोजी ते यंत्र दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत कोसळलं. त्यानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. त्यांचं इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत जुळवलेलं, जेमतेम १२ अश्वशक्तीचं, मॅन्लीच्या इंजिनाच्या पासंगालाही न पुरणारं. तरी त्या दिवसाचं चौथं उड्डाण ५९ सेकंद टिकलं आणि ८५२ फूट गेलं. लँग्लींच्या अपयशात विमान हवेत सोडणाऱ्या फेकयंत्राचा आणि कच्च्या सांगाड्याचाही वाटा होता, हे मान्य. पण चौपट ताकद हाताशी असणाऱ्याला जे जमलं नाही ते सायकलवाल्यांना कसं जमलं?

उत्तर १९०१ च्या शरद ऋतूत आहे. त्या वर्षीच्या त्यांच्या ग्लायडरनं गणितानं सांगितलेल्या लिफ्टचा, म्हणजे वर उचलणाऱ्या बलाचा, तिसरा हिस्साच दिला होता. ग्लायडर उडवणारे जर्मन अभियंते ओटो लिलिएनथाल यांचे तक्ते आणि अठराव्या शतकापासून चालत आलेला हवेच्या दाबाचा गुणांक, दोन्ही त्यांनी आप्तवाक्य मानून वापरले होते. आता त्यांनी डेटनमधल्या सायकलच्या दुकानात सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि करवतीची पाती व सायकलच्या आऱ्यांची तार वापरून तराजू बनवला. दीड-दोनशे छोटे पंख त्यात टांगून मोजले. गुणांक जवळपास दीडपट फुगलेला निघाला. लिलिएनथाल फारसे चुकले नव्हते. त्यांचे आकडे त्यांच्या पंखाच्या आकारापुरते होते, ते सरसकट सगळ्या पंखांना लावणं चूक होतं. पंख लांब आणि अरुंद हवा, वाक उथळ हवा, हे या पेटीनं सांगितलं. आणि एक गोष्ट जी आजही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: पंखा म्हणजे प्रोपेलर हा फिरणारा पंखच आहे, हे ओळखून त्यांनी त्याच तक्त्यांवरून प्रोपेलर कोरले. ते इंजिनाच्या ताकदीचा तीन-चतुर्थांश भाग कामी लावत होते. इंजिन दुबळं असूनही चाललं ते यामुळे. थोडक्यात, इंजिन किती लागेल हे पंखानं ठरवलं.

कोणी म्हणेल, हा आरंभकाळ, तेव्हा सगळंच अंदाजपंचे होतं. तर पुढे या. पहिल्या महायुद्धात सगळ्या देशांचे पंख कागदासारखे पातळ होते, कारण त्या वेळच्या छोट्या विंड टनेलांमध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या पेटीसारख्या हवा सोडून मोजायच्या बोगद्यांमध्ये, छोट्या नमुन्यांवर पातळ पंखच सरस ठरत. पण लहान आकारावर आणि कमी वेगाला हवा जशी वाहते तशी ती खऱ्या पंखावर वाहत नाही. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये लुडविग प्रांटल या शास्त्रज्ञाच्या नव्या, मोठ्या विंड टनेलमध्ये १९१७ च्या सुमारास जाड छेदांची सरशी दिसू लागली, आणि त्याच काळात फॉकरच्या विमानांवर जाड पंख आले. पुढचा भाग जाड आणि गोल असल्यानं विमानानं नाक बरंच वर केलं तरी हवा पाठ सोडत नसे. पंखाच्या पोटात भक्कम तुळई मावल्यानं बाहेरच्या तारांचं जाळंही गेलं. फॉकर डी-७ मध्ये मर्सिडीजचं इंजिन होतं, आधीच्या अल्बाट्रॉस विमानांत होतं त्याच घराण्यातलं. अल्बाट्रॉसचा खालचा पंख सूर मारताना पिळवटून तुटायचा; डी-७ मात्र प्रोपेलरवर लटकल्यासारखं नाक वर करून गोळ्या झाडायचं. त्यात बीएमडब्ल्यूचं सरस इंजिन आलं तेव्हा ते आणखी घातक झालं, हेही खरं. पण नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीच्या करारात दोस्तांनी जर्मनीकडून १७०० विमानं मागितली, तेव्हा त्यात डी-७ चं नाव घालून ‘ही सगळी आधी द्या’ असं लिहून घेतलं. करारात विमानाचं नाव येणं ही साधी गोष्ट नव्हे.

आणि मस्टँगचं काय? विरुद्ध बाजूचा हा हुकमी एक्का, पण तो पूर्ण उघडून पाहायला हवा. मर्लिन इंजिन ब्रिटिशांच्या हरिकेनमध्ये होतं, स्पिटफायरमध्ये होतं आणि पुढे मस्टँगमध्ये आलं. इंजिनच सगळं ठरवत असेल तर ही तिन्ही विमानं जुळी भावंडं असायला हवीत. हरिकेनचा पंख मुळाशी जाडजूड, पंखाच्या पुढून मागपर्यंतच्या रुंदीच्या १९ टक्के. स्पिटफायरचा १३ टक्के. तेवढ्यानं, आणि बाकीच्या सुबक बांधणीनं, स्पिटफायर सरळसरळ वेगवान ठरलं. मस्टँग स्पिटफायरपेक्षा वजनदार, पोटात इंधनही कितीतरी जास्त. तरी जवळपास तितक्याच ताकदीच्या मर्लिनवर ते ताशी ४०-५० किलोमीटरनं पुढे जाई. त्याच्या पंखाची सर्वाधिक जाडी मागे सरकवलेली होती, म्हणजे हवा जास्त अंतर शांतपणे वाहावी. प्रत्यक्षात कारखान्यातले खिळे आणि पंखावर चिकटणारे किडे यांनी तो शांत प्रवाह फारसा टिकू दिला नाही. फायदा झाला तो मुख्यतः जास्त वेगाला. रेडिएटरच्या चतुर मांडणीचंही श्रेय आहेच. पण बर्लिनपर्यंत बॉम्बफेकी विमानांना सोबत करून परत येणारं विमान मर्लिननं एकट्यानं घडवलेलं नव्हतं. तसं असतं तर तेच काम स्पिटफायरनं केलं असतं.

इथे थोडं थांबून एका जुन्या खुळाचा समाचार घ्यायला हवा, कारण पंखाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचं एक कारण ते आहे. पंखाची पाठ फुगीर, म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर. खालच्या हवेला गाठायचं म्हणून ती पळते, म्हणून दाब कमी, म्हणून विमान वर, असं स्पष्टीकरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं आहे. पंखाच्या पुढच्या कडेशी दुभंगलेल्या दोन कणांनी मागे बरोबर एकाच वेळी भेटावं असा नियम हवेला कोणी घालून दिला? वरची हवा खरोखर त्याहूनही लवकर मागे पोचते. कसरतीची विमानं वर-खाली सारख्याच छेदाच्या पंखांवर उडतात आणि उलटीही उडतात. पंख हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलला जातो. वळवण्याचं हे काम किती कमी खर्चात आणि कुठल्या कोनापर्यंत होईल, हे छेदाच्या रेषेनं ठरतं. सोपं, चुकीचं उत्तर हाती असलं की माणूस पुढे विचारत नाही. विषय तिथेच संपला असं वाटतं आणि उरलेली सगळी उत्सुकता गडगडणाऱ्या इंजिनाकडे जाते.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिलाई मशीन बाजारात विकत मिळतं, अंगाचं माप विकत मिळत नाही. इंजिन ही किंमत मोजून आणता येणारी वस्तू आहे; अडवणूक होऊ शकते, उशीर होऊ शकतो, पण ती कॅटलॉगमध्ये असते. पंख कोणी कॅटलॉगमधून विकत नाही, कारण तो त्या एका विमानाच्या वजनाला, वेगाला, धावपट्टीला आणि पल्ल्यालाच लागू पडतो. म्हणून जगातले विमान करणारे बहुतेक देश आणि कंपन्या इंजिन विकत घेतात आणि पंख आपल्याकडे ठेवतात. बोइंग इंजिनं करत नाही, एअरबसही करत नाही. एअरबसचं पहिलं विमान ए-३०० आकाराला येत होतं तेव्हा, १९६९ मध्ये, ब्रिटिश सरकारनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. हॉकर सिडली या खासगी कंपनीनं मात्र स्वतःचा पैसा घालून पंखाचं काम हातात ठेवलं. इंजिनं अमेरिकेची आली. आज पन्नासहून अधिक वर्षांनी एअरबसचे बहुतेक पंख वेल्समधल्या ब्रॉटनमध्येच बनतात. एक देश राजकीय पातळीवर बाहेर पडला, तरी पंखामुळे त्याची खुर्ची टिकली. ब्राझीलनं १९६९ मध्ये एम्ब्राएर काढली, कॅनडातली प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं विकत घेऊन बांदेरांती हे विमान विकलं, आणि आज प्रवासी विमानांत बोइंग-एअरबसच्या खालोखाल त्याच कंपनीचं नाव घेतलं जातं. ब्राझीलनं ‘आधी इंजिन’ म्हटलं असतं तर?

आपल्याकडेही याचं उदाहरण आहे. तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाच्या प्रकल्पाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडालं ते अमेरिकी इंजिनावर, आणि शेवटी कावेरी तेजसपासून वेगळंच करावं लागलं. पण शेपटी नसलेला दुहेरी त्रिकोणी पंख, त्याचं अस्थिर विमान संगणकानं सावरण्याचं गणित, त्या पंखाची कार्बन धाग्यांची घडण, हे सगळं बंगळुरूत झालं. इंजिनाची वाट पाहत बसलो असतो तर यातलं काहीही हाती नसतं.

याची दुसरी बाजू नाशिकजवळच्या ओझरला दिसते. तिथे १९६० च्या दशकापासून मिग-२१ बनत गेली, पुढे सुखोई-३० तयार झाली, आता तेजसचीही जुळणी तिथे सुरू झाली आहे. ओडिशातल्या कोरापूटला त्याच मिगची इंजिनं परवान्यावर बनत होती. म्हणजे इंजिन देशात बनवायचं, ही आजची मागणी एका अर्थानं आपण साठ वर्षांपूर्वीच पुरी केली होती. त्यातून मिगच्या पुढचं विमान किंवा पुढचं इंजिन आपल्या हाती आलं का? ओझरच्या कामगारांच्या हातात कसब होतं, यात शंका नाही. मी उणेपणा काढतो आहे तो त्यांचा नाही. परवान्याबरोबर नकाशे येतात, आकडे येतात, पण मिग-२१ चा पंख इतका पातळच का, त्याचा कोन तेवढाच का, आणि कोणते आकार मोजून फेकून दिले, हे मॉस्कोजवळच्या त्सागी या विमानसंशोधन संस्थेच्या विंड टनेलांत आणि कपाटांत राहिलं. फेकून दिलेल्या आकारांची नोंद हीच खरी पुंजी असते. ती करारात येत नाही.

आणि ज्यांना तरीही इंजिनच हवं आहे त्यांनी इंजिनाच्या आत डोकवावं. १९२० च्या दशकात जेट इंजिनासारखं यंत्र अशक्य मानलं जाई, कारण हवा दाबणारे कॉम्प्रेसर कमालीचे अकार्यक्षम होते. १९२६ मध्ये ब्रिटनच्या फार्नबरो इथल्या संशोधनकेंद्रातल्या ए. ए. ग्रिफिथ यांनी दाखवलं की दोष कल्पनेत नाही, पात्यांत आहे. पाती सपाट असल्यानं हवा त्यांची पाठ सोडून देते, म्हणजे प्रत्येक पातं हे स्टॉल झालेला पंख आहे. त्यांना एअरफॉइलचा आकार द्या, मग कॉम्प्रेसर चालेल. आज कोणत्याही जेट इंजिनात पुढच्या भल्यामोठ्या फॅनपासून मागच्या टर्बाइनपर्यंत शेकडो-हजारो छोटे पंखच फिरत असतात. कावेरीच्या अडचणी पंखाच्या छेदानं सुटल्या असत्या, असं मी म्हणत नाही. वितळणबिंदूच्या पलीकडच्या तापमानात टिकणारी एकस्फटिकी धातूची पाती हा वेगळाच डोंगर आहे. पण त्या इंजिनाची उंचीवरची चाचणी घ्यायला आपल्याला रशियात जावं लागलं, ही गोष्ट काय सांगते? आपल्याकडे जे तोकडं आहे ते मोजायचं साधन. पंखाला विंड टनेल लागतो, इंजिनाला चाचणीचा बाक आणि उडती प्रयोगशाळा. दुखणं एकच आहे. इंजिन की पंख, हा वादच मुळात त्या दुखण्यावर पांघरूण घालतो.

जेट प्रवासी विमानांच्या इंधनबचतीत मोठा वाटा नव्या इंजिनांचा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मोठं इंजिन जुन्या आकाराला चिकटवून भागत नाही, हे बोइंग ७३७ मॅक्सनं भयंकर किंमत घेऊन दाखवलं. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या, जमिनीला लगटून असलेल्या विमानाला नव्या इंजिनांचा घेर मावेना, म्हणून ती पुढे आणि वर बसवली. नाक फार वर गेलं की त्या इंजिनांची फुगीर खोळंच लिफ्ट देऊ लागे आणि नाक आणखी वर उचले. हा आकाराचा प्रश्न सॉफ्टवेअरनं झाकला, तोही एकाच सेन्सरच्या भरवशावर. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. दोष एकट्या आकाराचा नव्हता, कंपनीच्या आणि नियामकांच्या वागण्याचाही होता. पण गोष्टीची सुरुवात ‘इंजिन बदललं की नवं विमान’ या हिशेबातच होती.

मग मोजमापाचं हे भांडार जगात तयार कसं झालं? अमेरिकेनं १९१५ मध्ये नाका ही सरकारी सल्लागार समिती स्थापली. हीच पुढे नासा झाली. तिच्या व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत मॅक्स मुंक या जर्मनीहून आलेल्या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून पोलादी टाकीत बंद केलेला विंड टनेल उभा राहिला. त्यात हवा वीसपट दाबाखाली ठेवली की छोटा नमुनाही खऱ्या पंखासारखा वागे. पातळ पंखांची जुनी फसगत संपली. १९३३ मध्ये ७८ परस्परसंबंधित छेदांचा अहवाल छापून निघाला. वाक किती, कुठे, जाडी किती, हे चार अंकांत सांगणारी साधी पद्धत. नकाशा, आकडे, आलेख, सगळं कोणालाही किरकोळ किमतीत विकत घेता येई. डीसी-३ या प्रवासी विमानानं त्यातूनच पंख निवडला. पुढे सेस्ना-१७२ आलं, जगात सर्वाधिक बनलेलं विमान, तेही याच मालिकेतल्या २४१२ क्रमांकाच्या छेदावर. त्याउलट डेव्हिड डेव्हिस या हरहुन्नरी माणसाचा छेद बी-२४ बॉम्बफेकी विमानावर बसला, अठरा हजारांहून अधिक विमानं उडाली, पण त्यानं सूत्र मुठीत झाकून ठेवलं. त्या छेदाचा वंश पुढे चालला नाही.

आता मात्र फळीवरून छेद उचलायचा काळ सरला आहे. १९६० च्या दशकात नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी सपाट पाठीचा, मागच्या टोकाशी खाली वळलेला सुपरक्रिटिकल छेद काढला. ध्वनीच्या जवळ जाताना पंखावर उठणारी आघात-लहर त्यानं मागे ढकलली आणि सौम्य केली. मग त्याच वेगाला पंख जाड करता आला, म्हणजे हलका करता आला आणि त्यात जास्त इंधन मावलं. त्यानंतर प्रत्येक मोठ्या कंपनीनं आपापल्या विमानासाठी संगणकावर पंख बिंदू-बिंदूनं घडवायला घेतला, आणि ते छेद तिजोरीत गेले. जुन्या फळीचं साताऱ्याच्या वणकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांशीही नातं आहे: जगभर आरंभीच्या पवनचक्क्यांना विमानांचेच छेद लावले गेले, पात्यांवर किडे आणि धूळ बसली की वीज घटायची, म्हणून पुढे पवनचक्क्यांसाठी वेगळे छेद आखावे लागले. हे काम डेन्मार्क, नेदरलँड्स आणि अमेरिका यांनी केलं. पातं पुण्याच्या कंपनीचं असो की परदेशी, रेषेचं मूळ बहुधा तिकडचं.

तर प्रश्न असा विचारायला हवा: बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतला १९६७ मध्ये सुरू झालेला १.२ मीटरचा विंड टनेल अजून किती पिढ्यांचं ओझं वाहणार? साठवलेली हवा काही सेकंदांत सोडून मोजणारं ते यंत्र आहे. त्यानं उपग्रह प्रक्षेपकांपासून तेजसपर्यंत सगळ्यांची सेवा केली. जर्मनीत कोलोनजवळ युरोपीय देशांनी मिळून अतिथंड नायट्रोजनवर चालणारा विंड टनेल बांधला, जिथे खऱ्या विमानाची परिस्थिती छोट्या नमुन्यावर उभी करता येते. तशा सोयीसाठी आपल्याकडे कोणी मोर्चा काढलेला, कोणत्या वाहिनीनं तासभर आरडाओरडा केलेला तुम्ही पाहिला आहे का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोजमापं उघडी केली तर शत्रूला फायदा. नाकाच्या बाबतीत तसं झालंच होतं. स्पिटफायरचा पंख नाकाच्या २२०० मालिकेतला होता, आणि त्याच्याशी इंग्लिश खाडीवर झुंजणाऱ्या जर्मन फॉके-वुल्फ १९० चा पंखही नाकाच्याच २३००० मालिकेतला. ते जर्मन विमान आखणारे अभियंते कुर्ट टांकच होते, मारुतवाले. म्हणजे शत्रूनं अमेरिकेचे छापील आकडे वापरून उत्तम विमान केलं. अमेरिकेचं त्यात काय बिघडलं? तोवर लँग्लीत पुढच्या मालिकांवर काम चालू होतं, ज्यांतून मस्टँगचा पंख निघाला. त्या मालिका युद्धात गुप्त ठेवल्या, हेही सांगायला हवं. गुप्ततेला जागा आहेच. पण १९४५ मध्ये त्यांचाही सारांश नाकानं अहवाल क्रमांक ८२४ म्हणून छापला, आणि आज पवईच्या आयआयटीतला विद्यार्थी असो की कोल्हापूरच्या पॉलिटेक्निकमधला, एअरफॉइलचा अभ्यास त्याच आकड्यांपासून सुरू करतो. तेजसच्या पंखाच्या पहिल्या चाचण्यांना आता तीन दशकं होऊन गेली. मारुतच्या लाकडी ग्लायडरच्या चाचण्यांना तर सहाहून अधिक, आणि ते विमान सेवेतूनही केव्हाच निवृत्त झालं. त्यांतलं जे आज कोणाच्याही सुरक्षेला बाधा आणत नाही ते संपादित करून, छापून, विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत उपलब्ध करायला कोणत्या परदेशी कंपनीच्या पुरवठ्याची वाट पाहावी लागते?